सुंभाची राख

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. कोण कोणाला म्हणालं, कशावरून म्हणालं, ते राहू द्या. म्हणणारा निघून गेला आणि म्हण माझ्याकडे राहिली. तिच्यातला टोमणा मला फारसा लागत नाही. मला आपला सुंभच दिसत राहतो, पानठेल्यावरचा.

अमरावतीला राजकमल चौकात काय किंवा अकोल्याला गांधी रोडवर काय, ठेल्याच्या खांबाला काथ्याचा दोर टांगलेला असायचा. खालचं टोक धुमसत असायचं. गिऱ्हाईक यायचं, बिडी ओठात धरून, एक डोळा बारीक करून त्या टोकाशी वाकायचं, दोन झुरके ओढून पेटली की चालू लागायचं. त्या विस्तवाचे पैसे कोणी मागत नसे. पानवाला मधूनच टिचकी मारून राख झाडायचा, एवढीच त्याची देखभाल. पुढे लायटर आले, मग 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायलाच बंदी आली, आणि त्याच ठेल्यांवर आता प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटला जातो. खर्ऱ्यामागे जपून ठेवावं असं काहीच उरत नाही. पन्नी नालीत जाते.

तर म्हणीचं खरंखोटं करायला म्हणून मी परसात फरशीवर काथ्याचा एक तुकडा जाळला. वारा नव्हता. आग सावकाश सरकत गेली आणि मागे करड्या राखेचा तसाच्या तसा दोर पडून राहिला: पेडावर पेड, कडेला सुटलेले बारीक केससुद्धा शाबूत. मी वाकून पाहायला गेलो आणि माझ्याच श्वासाने तो कोसळला. म्हणजे म्हण खरी आहे, पण फुंकर पडेपर्यंतच. म्हण करणाऱ्याने पुढे तोंड नेलं नसावं.

नंतर शेजारी तेवढाच काथ्या मोकळा पिंजून पेटवला. भडकला आणि क्षणात संपला. दोर तासन्‌तास धुमसतो तो पिळामुळे. घट्ट वळलेल्या धाग्यांत हवा बेताने शिरते म्हणून विस्तव टिकतो. आपण पिळाला ताठा म्हणतो, खोड म्हणतो. गल्लीभर लोकांच्या बिड्या मात्र त्या पिळाच्या जिवावर पेटत होत्या. ही म्हण आमच्याकडे बहुतेक वेळा पडक्या वाड्याच्या देशमुखांवर टाकतात: जमीन गेली, बैल गेले, पण ओसरीवर बसण्याची तऱ्हा तीच. मी त्या ओसऱ्यांवर पुष्कळ बसलो आहे. माझा संग्रह तिथूनच जमला.

संग्रह म्हणजे एक कपाट. मातीच्या चिलमी, नारळाची गुडगुडी, तंबाखूच्या आणि तपकिरीच्या डब्या, चुनाळ्या, फौजेतून आलेल्या कोणाचातरी इम्को लायटर. मी स्वतः ओढत नाही. इतवाऱ्यातला माझा भंगारवाला दरवेळी तेच विचारतो, "भाऊ, तुमी बिडी बी पेत नाई, मंग हे कायले पायजे तुमाले?" मी पुण्याच्या दिनकर केळकरांचं नाव सांगतो. ते कवी होते, अडकित्त्यांपासून दिव्यांपर्यंत जे मिळेल ते गोळा करत गेले, आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी त्या संग्रहालयाला दिलं. भंगारवाल्यावर याचा परिणाम होत नाही. "त्याईनं तरी इकले असतीन नं शेवटी?" नाही रे बाबा, सरकारला दिलं सगळं. "फुकट?" यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी भाव करायचा विसरलो.

पण त्याचा पहिला प्रश्न खोटा नाही. घरात दम्याचा खोकला ऐकत मोठा झालेला माणूस चिलमी का जमवतो? वस्तू देखणी असते, हे उत्तर मला स्वतःलाच पुरत नाही. अकबराचा वकील असद बेग 17व्या शतकाच्या सुरुवातीला विजापुराहून तंबाखू घेऊन आग्र्याला गेला, तेव्हा नुसती पानं घेऊन गेला नव्हता. जडावाचं काम केलेला हुक्का, अचीनची तीन हात लांब नळी, असा सगळा सरंजाम त्याने बादशहापुढे मांडला. हकीम नको म्हणत होते. बादशहाने तरी दोन-चार झुरके घेतले. त्या दरबारात तंबाखूच्या आधी नळी आवडली असणार, असा माझा कयास आहे. तसं असेल तर माझं कपाट दिसतं तितकं निरुपद्रवी नाही.

त्यातली एक वस्तू चकमक आहे. अंगठ्याएवढी पितळी नळी, तिला साखळी, साखळीला पोलादाची पट्टी, आणि चामड्याच्या खिशात गारगोटी. पट्टीची एक कड मधोमध नखाएवढी झिजून आत गेली आहे. नळीत कापूस ठेवायचा, पण पांढरा चालत नाही. एकदा अर्धवट जाळून काळा केलेला लागतो, तरच ठिणगी धरतो. गारगोटी पट्टीवर तिरपी घासायची, ठिणगी कापसात पडली की फुंकायचं. मला जमत नाही. ज्याने दाखवलं त्या म्हाताऱ्याला दुसऱ्याच घासेला जमलं, आणि तो लगेच म्हणाला, "जिनात गेलो का हे फाटकावर ठेवा लागे." कापसाचा मुलूख हा. रुईचे ढीग आणि गठाणी पडलेल्या आवारात खिशात आग घेऊन शिरणं म्हणजे घात. म्हणून फाटकावर काडेपेट्या, बिड्या, चकमकी काढून ठेवायच्या आणि दिवसभर तोंड कोरडं ठेवून कापूस उपसायचा. संध्याकाळी परत घ्यायच्या. एखाद्या दिवशी कोणाची तिथेच राहत असेल. या चकमकीचा वारस अजून आहे, इतकंच सांगून पुढे जातो.

पुढे म्हणजे शेगावला, कारण वऱ्हाडात चिलमीबद्दल बोलायचं आणि गजानन महाराजांना टाळायचं हे होणार नाही. आमच्या प्रत्येक दुसऱ्या घरातल्या तसबिरीत महाराजांच्या हाती चिलीम असते. घरात बिडीला मज्जाव करणाऱ्या आज्याही त्या चिलमीला हात जोडतात. दासगणूंच्या गजानन विजय ग्रंथाचे 21 अध्याय. त्यातला अक्षय तृतीयेचा प्रसंग पारायण करणाऱ्यांना तोंडपाठ असतो. महाराजांना चिलीम हवी होती आणि ते ज्याच्याकडे राहत होते त्या बंकटलालाच्या घरची चूल अजून पेटलेली नव्हती. पोरं जानकीराम सोनाराकडे विस्तव मागायला गेली. त्याने आजच्या सणाला विस्तव देत नाही म्हणून सांगितलं, वर खवचटपणे हेही सुनावलं की एवढे साधू आहेत तर त्यांनी विस्तव आपला आपण करावा. महाराजांनी बंकटलालाला चिलमीवर नुसती काडी धरायला सांगितली आणि चिलीम पेटली. तिकडे सोनाराच्या पंगतीत चिंचवण्यात अळ्या निघाल्या. पाहुणे उठले, सोनार शरण आला, चिंचवणं पुन्हा पहिल्यासारखं झालं.

लहानपणी या गोष्टीत मी पोरांच्या बाजूला होतो. आता मला सोनार सोडवत नाही. सोनाराच्या शेगडीत विस्तव कायमचा, त्यामुळे एरवी त्याने गल्लीला कितीदा दिला असेल कोण जाणे. वर्षातून एक दिवस देऊ नये हा त्याने काढलेला नियम नव्हता. घरची लक्ष्मी विस्तवाबरोबर जाते या समजुतीने पुष्कळ घरं तो पाळत. टोमणा मारला ते चुकलंच, पण टोमणा नसता आणि नुसता नकार असता, तरी अळ्या पडल्या असत्या का? आणि म्हणीचं काय करायचं? सोनाराचा पीळ एका जेवणावळीत गेला. चिलीम सोडली नाही म्हणून महाराजांच्या बाबतीत पीळ म्हणायची कोणाची छाती नाही. म्हण माणूस बघून लागते.

शेगावात महाराज पहिल्यांदा दिसले ती तारीख 23 फेब्रुवारी 1878. त्याच्या बरोबर दोन वर्षं आधी, 23 फेब्रुवारी 1876 ला, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी जन्मला. बाप दारूने गेलेला हा पोरगा गाडगेबाबा झाला आणि मुलीच्या बारशाला दारू-मटणाऐवजी त्याने गोडाचं जेवण घालून नातलगांना चकित केलं. आमच्या घरांत दोघांच्या तसबिरी एका भिंतीवर असतात, मध्ये फार तर कॅलेंडर. व्यसनाविरुद्ध जन्मभर कीर्तन करणाऱ्याच्या हातात गाडगं आणि शेजारच्या चौकटीत चिलीम. दोन्ही मातीची, एकाच आव्यातून निघावीत अशी. कोणाला यात अडचण वाटत नाही. मला वाटते, पण ती भिंतीपुढे उभा असताना नाही, कपाटापुढे असताना. तिथे चिलमीला ना भक्ती आहे ना तंबाखू. कीट खरवडून, आतला खडा धुऊन, छापीच्या जागी स्वच्छ फडकं लावून मी ती उभी केली आहे, आणि तिचा आता कोणालाच काही उपयोग नाही. पितळेच्या डब्या मी चिंचेने घासतो. परवा घासताना सोनाराचं चिंचवणं आठवलं आणि उगाच एकदा वाटीत डोकावून पाहिलं.

चकमकीचा फायदा, आता लक्षात येतं, ठिणगीचा नव्हता. ती खिशात असली की कोणाच्या दारात विस्तवासाठी उभं राहावं लागत नाही, आणि नाही म्हणायची पाळीही कोणावर येत नाही. काडेपेटीने तेच घरोघर केलं. 1923 साली विमको ही काडेपेट्यांची कंपनी निघाली, अंबरनाथला कारखाना आला. मागणं बंद झालं. पानठेल्यावरचा सुंभ तेवढा मधल्यामध्ये बरीच वर्षं तग धरून होता. तिथे मागावं लागत नसे, नुसतं वाकावं लागे.

जानकीरामाची गोष्ट चिंचवणं नीट झाल्यावर संपते. मला त्याची पुढच्या वर्षीची अक्षय तृतीया हवी आहे. त्या सकाळी शेजारचं पोर भांडं घेऊन दारात आलं असेल तर त्याने काय केलं असेल? दिला तर बापजाद्यांचा नियम मोडला, नाही दिला तर पुन्हा अळ्यांची धास्ती. की घरी नसल्याचं बायकोकडून सांगवलं? कदाचित पोर आलंच नसेल. एवढं सगळं घडून गेल्यावर त्या गल्लीत कोणाची विस्तव मागायची हिंमत झाली असेल, असं मला तरी वाटत नाही.