पत्रिका जुळली, रक्ताचं काय?

बाळ जन्मलं की पहिल्या दहा मिनिटांत आपण त्याची वाटणी करून मोकळ्या होतो. नाक आत्याचं, कपाळ आजोबांचं, आणि रंग सावळा असला तर हमखास आईच्या माहेरचा! मैत्रिणींनो, तुमच्याकडेही हेच चालत असणार. पण या वाटणीत डोळ्यांना न दिसणारंही काही येत असतं. माझ्या माहेरी त्यावरून बरंच रामायण झालं. ते सांगतेच, पण आधी थोडं वाटाण्याबद्दल.

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. शाळेत अर्धवेळ शिकवते. एकदा विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि मेंडेलचा धडा माझ्या गळ्यात पडला. म्हटलं, आता वाचणं आलं! वाचलं आणि हा माणूस मला फार आवडला. ब्रनो गावच्या मठातला साधू. शिक्षकाच्या परीक्षेत नापास झालेला, म्हणून शाळेत बदली मास्तर. मठाच्या बागेत १८५६ पासून सात-आठ वर्षं तो वाटाणे लावत होता आणि मोजत होता. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचा त्यानं संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. तुम्ही म्हणाल, सुरकुती गेली. छे! त्याच दाण्यांची पुढची पिढी काढली तेव्हा ५४७४ गोल निघाले आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. हे सगळं त्यानं १८६६ साली छापलं. जगाला त्याची किंमत कळली १९०० साली, तो जाऊन सोळा वर्षं झाल्यावर.

अर्थ सोपा आहे. अशा एकेका गुणाच्या आपल्यापाशी दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची, एक वडिलांची. आपण मुलाला त्यातली एकच देतो, आणि कुठली ते आपल्या हातात नसतं. गोल आणि सुरकुती एकत्र आल्या तर गोल वर दिसते, सुरकुती खाली दडून बसते. दडते, पण नाहीशी होत नाही. (उंची, रंग यांच्या मात्र पुष्कळ चिठ्ठ्या असतात, म्हणून तिथं हिशेब इतका सरळ नाही. आणि मुलगा की मुलगी हे ठरतं वडिलांकडून काय आलं त्यावर. आईकडून येतं ते दोघांनाही सारखंच. नातीसाठी सुनेला बोल लावणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.)

आता आमच्या घरची गोष्ट. माझ्या पहिल्या खेपेला हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, बीट झालं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी हिमोग्लोबिन ए-टू ची तपासणी करवली. साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की संशय घेतात; माझं ५.२ निघालं. थॅलेसेमिया मायनर! ऐकूनच पाय गळाले. पण मायनर म्हणजे आजार नव्हे, फक्त एक दडलेली चिठ्ठी. रक्त जरा कमी, एवढंच. लगेच ह्यांचीही तपासणी केली. ती स्वच्छ निघाली, म्हणजे मुलांना फार तर माझ्यासारखं मायनर होणार.

खरी भीती दोघंही मायनर असले तर. मग दर बाळंतपणात चारांत एक शक्यता, की बाळाला दोन्हीकडून तीच चिठ्ठी मिळेल. तो मेजर. वर्ष-दीड वर्षाच्या आतच मूल पांढरंफटक पडायला लागतं, आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर. त्या रक्तातलं लोह हृदयात, यकृतात साचतं. ते काढायला पुन्हा औषधं. आणि चारांत एक म्हणजे एक आजारी झालं की पुढची तीन सुखरूप, असं मुळीच नाही. दर खेपेला चिठ्ठ्या नव्यानं पडतात.

तर, माझ्या ताईच्या मुलासाठी दादाची मुलगी करायचं घाटत होतं. मामाची मुलगी, घरातलीच, पत्रिकाही जुळली. साखरपुडा जवळ आला आणि मला झोप लागेना. माझ्यात ही चिठ्ठी आहे ती आई किंवा बाबांकडूनच आलेली. मग ताईत, दादातही असण्याची शक्यता निम्मी. मी म्हटलं, दोघांचं रक्त तपासू या. वहिनी ताडकन उठल्या. "वन्सं, आमच्या मुलीत खोट काढायची होती तर आधी सांगायचं!" ताई आठ दिवस फोनवर बोलली नाही. आई म्हणाली, आमच्या वेळी कुणी तपासलं होतं? (आईचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा होऊन गेला, तो कशानं हे घरात कुणालाच माहीत नाही.)

शेवटी मुलांनीच परस्पर जाऊन रक्त दिलं. दोघंही मायनर निघाली.

डॉक्टरांनी नीट समजावलं, की लग्न करायला बंदी नाही. दिवस राहिल्यावर दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होते, मग निर्णय घेता येतो. भाची विचार करून म्हणाली, "आत्या, दर वेळी तो निर्णय घ्यायचं बळ माझ्यात नाही." भाच्यालाही पटलं. दोघं आजही एकमेकांना चिडवतात, भाऊबीज जोरात होते. मोठ्यांचे रुसवे जायला मात्र वर्ष लागलं.

पुढं भाचीला स्थळं आली तेव्हा वहिनींनीच पहिल्या बैठकीत सांगायचं ठरवलं. एका स्थळानं "कळवतो" म्हटलं, ते आजतागायत कळवताहेत. दुसऱ्या मुलानं भाचीचा रिपोर्ट दोनदा वाचला, आपल्या आईकडे पाहिलं आणि विचारलं, "ही तपासणी उपाशीपोटी करतात का? मी उद्या सकाळीच जातो."