हवेतलं पाणी पिणारा जीव

आमच्या म्हसळ्यात पावसाळ्यात गादी धड वाळत नाही. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, पुस्तकांवर बुरशी चढते. घरच्या धुळीतल्या माइटला अशीच हवा मानवते. त्याची लांबी पाव-एक मिलिमीटर. आपल्या अंगावरून झडलेले त्वचेचे कण तो खातो आणि पाणी बरंचसं हवेतून घेतो. पुढच्या पायांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून खारा द्रव पाझरतो, हवेतली वाफ ओढतो आणि तोंडाकडे वाहतो. हवा कोरडी पडली की त्या द्रवातलं मीठ सुकून वाट बुजते.

त्याच्या पेशींतून पाण्याची ये-जा कशी होते, हा माझ्या कामाचा विषय. पेशीच्या पडद्यात पाण्यासाठी वाट ठेवणारी प्रथिनं असतात, अ‍ॅक्वापोरिन. पीटर अ‍ॅग्रे यांच्या गटाने 1992 साली बेडकाच्या अंड्यांत असं प्रथिन तयार करवून घेतलं; पातळ द्रावणात ती अंडी भराभर फुगून फुटली. 2003 साली अ‍ॅग्रे यांना नोबेल मिळालं.

डर्मॅटोफॅगॉइडिस फॅरिनी या माइटच्या जनुकसंचाचा आराखडा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे माइटमधल्या अशा प्रथिनांच्या जनुकांची शोधाशोध गावातल्या टेबलावर बसूनही करता येते. ओळखीच्या प्रथिनांशी जुळणारे क्रम संगणक चटकन काढून देतो. मग एकेक क्रम मी डोळ्यांखालून घालते. पडद्यातून आरपार जाणारे सहा पट्टे आहेत का? अ‍ॅस्पॅराजीन, प्रोलीन, अ‍ॅलॅनीन ही तिकडी दोनदा येते का? दुसरी सापडली नाही, तर जनुकाचे तुकडे जोडतानाच काही गळलं का, हे आधी तपासते. दुसऱ्या तिकडीमागोमाग अर्जिनीन आणि लगेच अ‍ॅस्पार्टिक आम्ल दिसलं, तर या वाटेने ग्लिसरॉलही जात असावं, अशी नोंद करते. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

माइटच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी कित्येकांना शिंका येतात, दमा बळावतो. माइटचं पाणी तोडणारं औषध निघावं, असं मलाही मनापासून वाटतं. पण आपल्या मूत्रपिंडांत, डोळ्यांत, तांबड्या रक्तपेशींत याच कुळातली प्रथिनं राबतात. माइटची वाट अडवताना आपली अडून चालणार नाही. ही जनुकं सारखेपणावरून सापडतात, पण उपचाराला उपयोगी पडेल तो त्यांचा वेगळेपणा. म्हणून यादी लांबवण्यापेक्षा माणसाच्या जनुकांपासून ती नेमकी कुठे वेगळी आहेत, ती एकेक जागा टिपून ठेवणं मला जास्त मोलाचं वाटतं.