चेटकीण आमच्या गॅलरीत राहायची

वार्षिक परीक्षा संपत आली की वर्तमानपत्रांत बालनाट्यांच्या जाहिराती यायला लागायच्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबई-ठाण्याच्या चाळींत वाढलेल्या आम्हा मुलांचं अभ्यासातलं लक्ष तिथंच उडायचं. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’, ‘राजकन्येची सावली हरवली’, ‘अचाट गावची अफाट मावशी’! ही नावं मोठ्यानं म्हणण्यातही मजा होती. मग कुणाचा तरी काका नाहीतर कुणाची तरी आत्या मजल्यावरची सगळी पोरं गोळा करून दादरच्या शिवाजी मंदिरला किंवा गिरगावच्या साहित्य संघात घेऊन जायची.

याची सुरुवात आमच्या जन्माआधीची. सुधा करमरकर अमेरिकेतून बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ साली साहित्य संघाच्या आधारानं त्यांनी ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. ते लिहिणारे रत्नाकर मतकरी तेव्हा जेमतेम विशीतले. पुढे १९६२मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली आणि बँकेतली नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं मुलांसाठी नाटकं लिहिली, बसवली. मोठ्यांसाठी त्यांनी लिहिलेलं खूप गाजलं. तरीही आमच्या पिढीवरचं त्यांचं सगळ्यात मोठं ऋण या बालनाट्यांचंच आहे, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले की शेजारच्याचा हात घट्ट धरायचा. दिलीप प्रभावळकरांची ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण ज्यांनी पाहिली, त्यांच्या कानांत तो चिरका आवाज अजून आहे. ती दबकत पुढे सरकली की प्रेक्षागृहातली पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडायची, “मागे बघ! मागे बघ!” आणि त्या ओरडण्यानंच नाटकातल्या मुलाचा जीव वाचतो, अशी आमची पक्की खात्री असायची.

आज आठवून बघितलं तर रंगमंचावर असायचं तरी काय? रंगवलेला पडदा, दोन कापडी झाडं, दिव्याचा हिरवा-लाल झोत आणि ऐन वेळी केलेला काळोख. जंगल उभं राहायचं ते आमच्या डोक्यात. हे मतकरींना नेमकं ठाऊक होतं. म्हणूनच ते मुलांसाठी निम्मी जागा मोकळी सोडायचे.

घरी आल्यावर ती मोकळी जागा आमच्या ताब्यात यायची. दुसऱ्याच दिवशी गॅलरीत दोरी बांधून आईची जुनी साडी लटकायची. आकाशकंदिलाचा उरलेला जिलेटिन कागद टॉर्चवर लावला की राक्षसाची गुहा तयार. लग्नपत्रिकेच्या सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट, काथ्याचे केस, कणकेचं नाक. ते नाक दर प्रवेशाला गळून पडायचं आणि चेटकीण ते उचलून पुन्हा चिकटवताना शापही देत राहायची. तिकीट म्हणजे एक रावळगावची गोळी. आज्ज्या पुढे पाटावर, बाकीचे जिन्याच्या पायऱ्यांवर.

प्रत्येक चाळीत एक तरी मूल असं असायचं, जे शाळेत तोंड उघडत नसे. आमच्या मजल्यावरही एक मुलगी होती. बाईंनी प्रश्न विचारला की तिची मान खाली जायची, पाहुण्यांसमोर नाव सांगतानाही ती अडखळायची. चेटकीण व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं. साडीचा पडदा सरकला, तिनं कंबरेत वाकून झाडू उगारला आणि जी काही किंकाळी फोडली, तिनं खालच्या मजल्यावरची माणसं धावत वर आली. तिची आई दाराशी उभी होती, तिला आपल्याच मुलीचा आवाज ओळखता आला नाही. सबंध प्रवेशात ती मुलगी एकदाही अडखळली नाही. पुढच्या प्रत्येक सुट्टीत चेटकीण तीच झाली. शाळेतही ती हळूहळू बोलू लागली, कवितापाठांतरात उभी राहिली. झाडू साधाच होता, मोरीशेजारचा. आवाज तिचा होता आणि तो आधीपासून तिच्यापाशीच होता. एवढंच, की तो मोकळा सोडायला तिला दुसऱ्या कुणाचं तरी नाक लावावं लागलं.

आमच्यापैकी फारच थोडे पुढे नाटकात गेले. बाकीचे बँकेत, कारखान्यात, शाळेत शिकवायला, कुणी परदेशात. पण २०१८मध्ये ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा रंगमंचावर आलं, वैभव मांगले चेटकीण झाले, तेव्हा माझ्या पिढीतले कितीतरी जण आपापली मुलं घेऊन गेले. मुलं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती आणि त्यांच्या शेजारी बसलेले आईबाबाही.

मतकरींनी उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथं त्या मुलांनी स्वतःच्या जगण्यातल्या गोष्टी स्वतःच रचल्या आणि स्वतःच सादर केल्या. २०२०च्या मे महिन्यात, ऐन सुट्टीच्या दिवसांत, मतकरी गेले.

बालनाट्य आजही सुट्टीत लागतं. मुलांना जरूर न्या. मात्र घरी आल्यावर ‘काय शिकलास?’ असं विचारू नका. एक जुनी साडी आणि थोडी दोरी हाताशी द्या, मोबाइल बाजूला ठेवून पुढे पाटावर बसा, आणि घरातल्या सगळ्यात गप्प मुलाला चेटकिणीचं काम मिळेल एवढं बघा.