असिसीच्या कापडवाल्याचे घर

इटली देशाचा प्रवास करणारे आपले लोक बहुधा रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस ही तीन नगरे पाहून परततात. दिवस व पैसा या दोहोंचाही हिशेब ज्यांना ठेवावा लागतो, त्यांनी असे केल्यास नवल नाही. तथापि आमच्या मते आणखी एक दिवस काढून असिसी हे लहानसे गाव अवश्य पाहावे. तेथे चित्रे आहेत, शिल्पे आहेत, सृष्टिसौंदर्यही आहे. परंतु आम्ही सुचवितो ते यांपैकी कोणत्याही कारणास्तव नव्हे. त्या गावी एका घरातला जुना तंटा पाहावयास मिळतो. बापाने कष्टाने मिळविलेले द्रव्य मोठे, की मुलाला लागलेली देवाची ओढ मोठी, या प्रश्नावरून तो तंटा झाला. त्यास आठशे वर्षे लोटली, पण प्रश्न जुना झाला नाही. आणि एकत्र कुटुंबात वाढलेल्या मनुष्यास तर तो मुळीच परका वाटणार नाही.

रोमहून आगगाडीने दोन-अडीच तासांत आम्ही उंब्रिया प्रांतात पोहोचलो. स्टेशन खाली मैदानात आहे व गाव सुबाझिओ डोंगराच्या उतारावर वसलेले आहे. सभोवार ऑलिव्हची राखाडी-हिरवी झाडे, मधून मधून द्राक्षांचे मळे, आणि वर फिकट गुलाबी झाक असलेल्या दगडाची घरे, असा तो देखावा आहे. गावाच्या पश्चिम टोकास कमानींच्या प्रचंड ओळीवर उभारलेली एक वास्तू गडाच्या तटासारखी दृष्टीस पडते. ते संत फ्रान्सिसचे समाधिमंदिर. सर्व यात्रेकरू प्रथम तिकडे धावतात. आम्ही मात्र आधी गावाच्या मधल्या चौकाकडे वळलो.

या चौकात रोमन काळातील मिनर्व्हा देवीच्या देवळाचे सहा उंच खांब अद्याप उभे आहेत. आत मात्र आता येशूच्या मातेची पूजा होते. तेथून चार पावलांवर ‘किएझा नुओव्हा’ म्हणजे ‘नवे मंदिर’ आहे. नाव नवे असले तरी त्याचे बांधकाम 1615 सालचे आहे. पिएत्रो बेर्नार्दोने या कापडाच्या व्यापाऱ्याचे घर याच जागी होते असे परंपरा सांगते. मंदिराबाहेर पिएत्रो व त्याची पत्नी पिका यांचे धातूचे पुतळे आहेत. मातेच्या हाती साखळी आहे. तिचा अर्थ पुढे येईल.

पिएत्रो फ्रान्स देशाशी व्यापार करी. 1181 किंवा 1182 साली त्यास मुलगा झाला, तेव्हाही तो व्यापारानिमित्त फ्रान्सातच होता. घरी मुलाचे नाव जोव्हानी ठेवले गेले. बापाने परत येऊन त्यास फ्रान्सेस्को म्हणण्यास आरंभ केला. मुलगा गाण्याबजावण्याचा शोकी, मित्रांना जेवणावळी घालणारा आणि उंची कपड्यांची हौस असणारा निघाला. सरदार होण्याची त्यास मोठी आकांक्षा होती. 1202 साली शेजारच्या पेरुजा शहराशी झालेल्या लढाईत तो पकडला गेला, व सुमारे वर्षभर कैदेत राहून रोगी होऊन घरी आला. त्यानंतर त्याचे चित्त दुकानात रमेना. ज्या महारोग्यांच्या वाऱ्यासही तो पूर्वी उभा राहत नसे, त्यांच्यात तो जाऊ लागला.

गावाबाहेर उतारावर सान दामियानो नावाचे एक पडके देवालय होते. तेथील क्रूसावरील येशूच्या चित्रापुढे प्रार्थना करीत असता, माझे पडणारे घर सावर, अशी आज्ञा त्यास ऐकू आली, असे चरित्रकार सांगतात. तरुण मनुष्य आज्ञा शब्दशः घेतो. त्याने दुकानातील कापडाचे गठ्ठे घोड्यावर लादले, फोलिन्यो गावी जाऊन कापड विकले, घोडाही विकला, आणि ते पैसे देवळाच्या पुजाऱ्यापुढे ठेवले. पुजाऱ्याने ते घेण्याचे नाकारले. तेव्हा फ्रान्सिसने ते खिडकीत टाकून दिले.

येथे बापाची बाजू मांडल्यावाचून आम्हांस राहवत नाही. ते कापड फ्रान्सच्या बाजारातून आणताना कोणाची पाठ दुखली असेल, कोणत्या घाटात चोरांची भीती बाळगून कोणी रात्री काढल्या असतील, याचा विचार मुलाने केला नव्हता. पिएत्रोने त्यास घरात कोंडून घातले. पुढे तो गावास गेला असता मातेने मुलाची बेडी सोडली. पुतळ्याच्या हातातील साखळी ती हीच. परत आल्यावर बापाने पैशांसाठी दाद मागितली व प्रकरण बिशपपुढे गेले.

बिशप गुइदो याने दिलेला निकाल आमच्या मते या सर्व कथेचे मर्म होय. त्याने मुलास सांगितले की, बापाचे पैसे बापास परत कर. असल्या द्रव्याने देवाचे घर बांधावे अशी देवाची इच्छा नाही. धर्मगुरूच्या तोंडी देवळाच्या विरुद्ध जाणारा निकाल क्वचितच ऐकू येतो. 1206 सालची ही गोष्ट. फ्रान्सिसने पैसे तर परत दिलेच, पण अंगावरचे कपडेही बापाचेच, म्हणून तेही सर्वांदेखत उतरवून त्यावर पैसे ठेवले, आणि यापुढे आपण स्वर्गातील पित्यासच पिता म्हणू असे सांगितले. बिशपने आपल्या झग्याने त्याची नग्नता झाकली. समाधिमंदिराच्या वरच्या दालनात 28 भित्तिचित्रांतून संताचे चरित्र रंगविलेले आहे. ती चित्रे जोत्तोची अशी प्रसिद्धी आहे. पंडितांत मात्र याविषयी मतभेद आहेत. त्यांपैकी या प्रसंगाच्या चित्रापुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. बापाच्या हातावर मुलाचे कपडे आहेत, क्रोधाने तो पुढे होऊ पाहत आहे, आणि मागून एकाने त्याचा हात धरला आहे. मुलाची दृष्टी वर आहे. मधली जागा रिकामी आहे. चित्रकाराने ती रिकामी ठेवली हे योग्यच केले. ती पुढे कधीच भरली नाही.

आम्हांस या वेळी देहूची आठवण झाली. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. परंतु त्याआधी धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी त्यांस काढून दिली होती, हा भाग सांगणारे थोडे. बुडविला तो केवळ स्वतःचा वाटा. असिसीच्या बिशपने फ्रान्सिसला शिकविले ते हेच. दुसऱ्याच्या द्रव्याने देवास प्रसन्न करू पाहणे ही स्वस्त भक्ती होय. ती फोलिन्योच्या बाजारात एका दिवसात साधली होती. महाग भक्तीचा आरंभ परतफेडीपासून झाला. हातचे सर्व ज्याचे त्यास देऊन झाल्यावर देवापुढे ठेवण्यास फ्रान्सिसजवळ एकच वस्तू उरली, ती म्हणजे तो स्वतः.

या भक्तीची किंमत सामान्य नव्हती. बाप रस्त्यात भेटला की शाप देई. म्हणून फ्रान्सिसने एका गरीब म्हाताऱ्यास पिता मानून सोबत घेतले, व बापाने शाप दिला की त्याच्याकडून आशीर्वाद घ्यावा असा क्रम ठेवला. हिवाळ्यात कुडकुडत प्रार्थना करीत असता सख्ख्या भावाने, याच्याकडून पैशाचा घाम विकत घ्या, अशी थट्टा केली. तो घाम आपण देवास अधिक भावाने विकू, असे उत्तर त्याने दिले. बापलेकांचा पुढे समेट झाल्याची हकीकत जुन्या चरित्रांत आढळत नाही. आम्ही या गोष्टीस रंग देऊ इच्छीत नाही. ती जखम तशीच राहिली.

मग मिळाले काय? प्रथम मिळाले सोबती. 1208 साली बेर्नार्दो नावाचा गावचा धनिक आपले सर्वस्व गरिबांत वाटून त्यास मिळाला. 1209 च्या सुमारास ही लहानशी मंडळी रोमला गेली व पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या जीवनक्रमास तोंडी मान्यता दिली. दुसरा लाभ निर्भयतेचा. ज्याच्याजवळ लुटण्यासारखे काही नाही तो कोठेही जाऊ शकतो. 1219 साली धर्मयुद्ध चालू असता तो इजिप्तमध्ये दामिएत्ताजवळ शत्रूच्या छावणीत गेला, सुलतान अल्-कामिल यास भेटला आणि सुखरूप परत आला. तिसरा लाभ आनंदाचा. 1225 साली दृष्टी जवळजवळ गेलेली, शरीर व्याधींनी जर्जर, अशा स्थितीत त्याने सान दामियानो येथे सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांना भावंडे मानणारे स्तोत्र लोकभाषेत रचले.

सान दामियानोचे नाव क्लारेशीही निगडित आहे. ही सरदार घराण्यातील मुलगी 1212 साली रात्री घर सोडून फ्रान्सिसच्या मार्गास लागली. चुलता माणसे घेऊन तिला परत नेण्यास आला, तेव्हा तिने वेदीचे वस्त्र धरून आपले केस कापलेले मस्तक दाखविले. त्यानंतर तिची धाकटी बहीण आली, आणि कालांतराने मातादेखील तेथेच येऊन राहिली. एका घरी तुटलेले नाते दुसऱ्या घरी असे जुळले. आपल्या मठाने कोणतीही मालमत्ता बाळगू नये हा हक्क मिळविण्यासाठी क्लारा जन्मभर भांडली. अधिक मिळावे म्हणून भांडणारे आपण पुष्कळ पाहतो. काहीही नसावे म्हणून पोपांशी भांडणारी ही एक. तिच्या नियमावलीस 9 ऑगस्ट 1253 रोजी मान्यता मिळाली व 11 ऑगस्टला तिने देह ठेवला.

शेवटी आम्ही मैदानातील पोर्झिउंकुला पाहिले. अवघ्या काही पावलांचे हे दगडी देवालय. आता त्यावर एक अवाढव्य मंदिर बांधलेले आहे. ही जागा बेनेडिक्ट पंथाच्या साधूंनी फ्रान्सिसला देऊ केली, पण त्याने मालकी घेतली नाही. भाडेकरू म्हणून तो दर वर्षी माशांची एक टोपली धाडी, व ते साधू उलट तेलाचे भांडे पाठवीत. तेथेच 3 ऑक्टोबर 1226 रोजी उघड्या जमिनीवर त्याचा अंत झाला.

पुढे अनुयायांना ही गरिबी पेलवेना. दोन वर्षांच्या आत तो संतपदास चढविला गेला व समाधिमंदिराची कोनशिला बसली. शंभर वर्षे होण्यापूर्वीच गरिबीचा आग्रह न सोडणाऱ्या चार फ्रान्सिस्कनांना 1318 साली मार्सेय येथे जाळण्यात आले. ख्रिस्त व त्याचे शिष्य यांच्याजवळ मालकीचे काहीच नव्हते हे मत 1323 साली पोप बाविसावे जॉन यांनी पाखंड ठरविले. याच सुमारास, 1321 साली, चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन आपल्या ठाण्यास उतरले असता त्यांचा वध झाला. त्यांपैकी तोलेंतिनोचा थॉमस हा याच गरिबीच्या आग्रहापायी पूर्वी स्वतःच्या पंथाच्या कैदेत राहिलेला होता. पुढे ओडोरिक नावाच्या साधूने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. ठाण्याच्या खाडीवरून रोज जाणाऱ्या आमच्यासारख्यांस असिसीशी असलेले हे नाते ठाऊक असू नये, याचे आश्चर्य वाटते.

ज्या ठिकाणी फ्रान्सिसने वस्त्रे उतरविली, तेथे 4 ऑक्टोबर 2013 रोजी त्याचेच नाव धारण करणारे पोप येऊन गेले. आज तेथे तरुण यात्रेकरूंची गर्दी असते. पैसा टाकला म्हणजे देव मिळतो, असा बोध घेऊन त्यांनी घरी जाऊ नये असे आम्हांस वाटते. टाकलेला पैसा पुष्कळदा दुसऱ्याचाच असतो. सुज्ञ वाचकांनीही दानधर्म करताना एवढे पाहावे की, जे आपण देत आहो ते आपले आहे काय, आणि ज्याचे होते त्याचे त्यास पोहोचले काय. तो हिशेब पुरता झाल्यावर जे हाती उरेल तेवढेच देवाचे. कापडवाल्याच्या मुलाचे उरले ते फारच थोडे होते. परंतु त्यातील काहीही त्याने मागे ठेवले नाही.