चार दिवस, तीन सायकली आणि एक जीप

सहलीला जायला कोणाला आवडत नाही? पण सहलीचा बेत कोण करतं? बहुतेक घरी आई-बाबाच करतात आणि आपण फक्त खिडकीजवळची जागा धरायला धावतो! या वेळी मात्र तुम्ही बेत करायचा आणि आई-बाबांनी मागे बसायचं. काय म्हणता, चालेल ना?

गेल्या हिवाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही हेच केलं. फळ्यावर एक काल्पनिक सहल मांडली. माणसं आठ, जीप एक, दिवस चार. निघायचं अकोल्याहून. आणि एक अट अशी, की जीपच्या टपावर तीन सायकली बांधून न्यायच्या. नुसती माणसं नेणं सोपं असतं हो! अडनिडं सामान बरोबर असलं की खरी परीक्षा होते.

"कुठे जायचं?" असं विचारायचा अवकाश, नुसता गलका झाला. शेगाव, लोणार, नरनाळा, चिखलदरा, सेमाडोह, मुक्तागिरी... फळा भरून गेला. मग मी सांगितलं, "आता यातली निम्मी नावं पुसा." वर्गात एकदम शांतता! पण सहलीचा पहिला नियम हाच आहे. काय बघायचं हे ठरवण्याआधी काय सोडायचं हे ठरवावं लागतं. नाहीतर चार दिवस गाडीतच जातात आणि घरी आल्यावर आठवतो तो फक्त पुढच्या गाडीचा धूर.

शेवटी उरलं ते असं. पहिल्या दिवशी अकोला, अकोट आणि नरनाळा किल्ला, मुक्काम अकोटला. दुसऱ्या दिवशी अंजनगाव सुर्जी आणि परतवाड्यावरून घाट चढून चिखलदरा. तिसरा दिवस चिखलदऱ्यात, गाविलगड आणि सायकली. चौथ्या दिवशी परतवाडा, वलगाव, अमरावती आणि परत अकोला. सगळं मिळून सुमारे पावणेचारशे किलोमीटर. आडवाटा आणि चुकलेली वळणं धरून आम्ही चारशे मोजले. जीप एका लिटरला दहा किलोमीटर जात असेल, तर डिझेल किती लागेल? बरोबर, चाळीस लिटर! तुमच्या गावच्या पंपावरचा भाव विचारा आणि खर्च तुम्हीच काढा.

आता नकाशा उघडा. अकोल्याहून अकोट सुमारे ४५ किलोमीटर. वाटेत गांधीग्रामला पूर्णा नदी लागते. तिथल्या जुन्या इंग्रजी अमदानीतल्या पुलाला २०२२ साली तडा गेला आणि वाहतूक बंद करावी लागली. लोकांना लांबचे वळसे पडले. म्हणून दुसरा नियम. नकाशावर रस्ता दिसतो, पण तो आज चालू आहे की नाही, हे त्या बाजूने आलेल्या माणसालाच विचारावं. बसस्थानकावरचे चालक-वाहक यात सगळ्यांत पक्के!

पूर्णेच्या या खोऱ्याला खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून तो गेला आहे. जमीन काळीभोर, कापूस जोमदार, पण विहिरीचं पाणी खारट! इथल्या कितीतरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यासाठी पायपीट केली आहे. आपण पाहुणे. जाता जाता त्यांचं पाणी मागायचं नाही, आपलं आपण न्यायचं. आठ माणसं, माणशी चार लिटर, म्हणजे ३२ लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे ३२ किलो. आता आली का पंचाईत? सायकली तीन, प्रत्येकी साधारण १५ किलो, म्हणजे ४५ किलो. वरून आठ जणांच्या पिशव्या आणि शिदोरी.

हे सगळं कुठे ठेवायचं? एक पोरगा म्हणाला, "बाई, समदं टपावरच टाकू ना!" तसं मुळीच करू नका. जड वजन उंचावर गेलं की गाडी वळणावर कलंडायला बघते. डोक्यावर हंडा आणि हातात कळशी घेऊन चालून पाहा, म्हणजे कळेल. म्हणून पाण्याचे कॅन खाली, सीटच्या पायाशी. पिशव्या मागे. टपावर फक्त सायकली, त्याही आडव्या निजवून. पुढचं चाक काढून घ्यायचं, हँडल वळवायचं, साखळीला जुनं फडकं गुंडाळायचं. सुती दोर दोन्ही बाजूंनी घट्ट बांधायचा. आणि दहा किलोमीटरवर गाडी थांबवून गाठी पुन्हा तपासायच्या. दोर हादऱ्यांनी सैल होतो, म्हणून ही तपासणी चुकवायची नाही. मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून एक लाल फडकंही हवं.

अकोटपासून वीसेक किलोमीटरवर शहानूर. इथून नरनाळ्याचा चढ सुरू होतो. किल्ला अभयारण्यात आहे, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, नियम विचारूनच वर जायचं. सायकली इथे सोडायच्या नाहीत, बांधलेल्याच बऱ्या. वर कोरीव काम केलेला महाकाळी दरवाजा आहे, नऊगजी तोफ आहे आणि जागोजाग पाण्याची टाकी, तलाव आहेत. तोफेजवळ फोटो सगळेच काढतात. तुम्ही तलावाजवळ थांबा आणि विचार करा. खाली खारं पाणी, वर डोंगर, आणि तरी माणसं इथे राहिली ती कशाच्या जोरावर? पावसाचं पाणी अडवून! बेत करणारी माणसं तेव्हाही होतीच की.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने जातो. डावीकडे निळे डोंगर, उजवीकडे कपाशी. अंजनगाव सुर्जीला पानमळे दिसतील. या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे बरं का! १८०३ साली इंग्रज आणि मराठ्यांचं दुसरं युद्ध झालं. २९ नोव्हेंबरला अकोटजवळच्या अडगावला लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला, तो याच सुर्जी-अंजनगावला. आपण दोन दिवसांत जेवढा मुलूख ओलांडतो, तेवढ्यात एका महिन्यात केवढी उलथापालथ झाली पाहा!

गाविलगडाची गोष्ट आपल्या सायकलींशी जुळते, म्हणून सांगते. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. गडाची चढायला त्यातल्या त्यात सोपी बाजू उत्तरेची. पण तिकडे जायला तोफा नेण्याजोगा रस्ताच नव्हता! मग कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी ७ डिसेंबरला अचलपूरहून निघाली आणि सुमारे तीस मैल डोंगर-दऱ्यांतून अवजड तोफा ओढत १२ डिसेंबरला गडाच्या उत्तरेला पोहोचली. रस्ता करत करत, हाताने तोफा ओढत! तोफा ओढणारे हात कितीतरी आपल्याच देशातल्या शिपायांचे होते. आणि वर किल्लेदार बेनीसिंग नागपूरच्या भोसल्यांचा गड लढवत होता. तो लढतालढताच पडला. त्या सगळ्या शिपायांची नावं कुठे लिहून ठेवलेली नाहीत. गडावर गेलात की गाणी जरा बंद ठेवा, एवढंच मी म्हणेन.

परतवाड्याला जीप थांबवून टायरमधली हवा, ब्रेक आणि दोर तपासा. जुळ्या अचलपूरला पूर्वी मूर्तिजापूरहून 'शकुंतला' ही छोटी आगगाडी यायची. आता ती धावत नाही. पुढे सुमारे तीस किलोमीटरचा घाट. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या आसपास. म्हणजे आठशे मीटरची चढण! हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. मग आठशे मीटरला किती? गणित करा आणि स्वेटर वरच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. घाटात मळमळणाऱ्यांनी पुस्तक वाचायचं नाही, समोर लांबवर बघायचं. तोंडात आवळ्याचा तुकडा धरावा.

आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, "बाई, मी त घाट सायकलीनंच उतरतो! पायडल बी मारा लागत नाही." वर्ग हसला, पण मी हसले नाही. उतारावर सायकलीचे ब्रेक सतत दाबले की रबर तापतं, झिजतं आणि नेमकं वळणावर दगा देतं. समोरून एसटी येत असते. म्हणून आमच्या बेतात ठळक लिहिलं आहे, घाटात सायकल बांधलेलीच. ती सुटणार तिसऱ्या दिवशी सकाळी, चिखलदऱ्याच्या सपाटीवर. बरोबर एक मोठं माणूस असेल आणि रस्त्याच्या डाव्या कडेने एकामागे एक जायचं. दरीच्या कठड्यापाशी मात्र उतरून चालायचं. भीमकुंड, देवी पॉइंट, कॉफीच्या बागा... थंडगार हवेत सायकल चालवायची मजा काही औरच!

आणखी एक ठळक ओळ आहे, सूर्यास्ताची. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. मेळघाट १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. रात्री रस्ता ओलांडणाऱ्या सांबराला किंवा रानमांजराला गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की ते जागीच थिजतं. म्हणून दुपारी चारच्या आत मुक्कामाला. उशीर झालाच तर एखादं ठिकाण सोडायचं, पण वेग वाढवायचा नाही. आणि हो, जंगलात मोबाईलला सगळीकडे रेंज मिळत नाही. घरचे नंबर वहीत लिहून न्या. पाड्यांवर कोरकू बांधव भेटतील. त्यांची भाषा मराठीहून अगदी वेगळी, निराळ्या कुळातली. दोन-चार शब्द शिकून घ्या, आनंद होईल त्यांना.

बेत संपत आला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमच्या घरी त जीपच नाही." क्षणभर मलाही काही सुचेना. मग वर्गच कामाला लागला. अकोला ते अकोट एसटी, अकोट ते परतवाडा एसटी, परतवाडा ते चिखलदरा एसटी. शहानूरची गाडी किती वाजता, ते अकोट स्थानकावर विचारायचं. सायकल नाही, त्याऐवजी पायी भटकंती. आणि सामान? "माह्या पाठीवर मावेल तेवढंच," ती म्हणाली. तिने यादी केली. एक जोडी कपडे, स्वेटर, पाण्याची बाटली, भाकर-ठेचा, टॉवेल, वही, शिट्टी. संपलं! खरं सांगते, वर्गातला सगळ्यांत नेटका बेत तिचाच होता. कारण प्रत्येक वस्तू उचलायची कोणी, हे तिला पक्कं माहीत होतं.

चौथ्या दिवशी परतवाड्याहून अमरावतीला येताना वाटेत वलगाव लागतं. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी इथेच, अमरावतीला येताना वाटेत देह ठेवला. त्यांची समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. बाबा आयुष्यभर गावोगाव फिरले. त्यांचं सामान काय होतं? एक गाडगं आणि एक खराटा! ज्या गावात जायचे ते गाव आधी झाडून काढायचे. आपल्या जीपमध्येही एक रिकामं पोतं ठेवा. वेष्टनं, बाटल्या, संत्र्यांची सालं, सगळं त्यात. चार दिवसांनी पोतं भरून घरी आलं पाहिजे, जंगलात नाही राहिलं पाहिजे.

अमरावतीहून अकोल्याला येणारा मोठा रस्ताही बघण्यासारखा आहे. जून २०२२ मध्ये या मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज विक्रम झाला. भर उन्हात रात्रंदिवस राबलेल्या कामगारांची आठवण ठेवा आणि गाडी बेतानेच चालवायला सांगा.

आता वही काढा. तुमच्या तालुक्यातून निघणारा दोन दिवसांचा बेत करा. अंतर, पाणी, वजन, खर्च, सूर्यास्त आणि काय सोडलं, असे सहा रकाने आखा. घरातल्या प्रत्येकाला एक काम द्या. कोणी हिशेब ठेवील, कोणी पाणी मोजील, कोणी गाठी तपासील. आजी-आजोबांना पुढची सीट! मग वही आई-बाबांपुढे ठेवा. एवढा पक्का बेत पाहिल्यावर "नाही" म्हणणं त्यांना फार जड जाईल. बघाच करून!