गळाभेटीचा सुगंध

गेल्या वर्षी शाळेकडून थकबाकीचे पैसे हाती आले. घरातल्या सगळ्यांच्या गरजा भागवून थोडी रक्कम उरली, तेव्हा मनात दडलेली एक जुनी हौस वर आली. ऊद आणि मुश्क यांचे अस्सल, भारी अत्तर घ्यायचे! रमजानच्या आधी कामानिमित्त मुंबईला जाणे झाले. मुहम्मद अली रोडला मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत एका वयस्क अत्तरवाल्याकडे आम्ही बसलो. त्यांनी आमच्या मनगटावर काडीने एक ठिपका लावला आणि विचारले, "काम क्या करते हैं?" आम्ही अभिमानाने सांगितले, शिक्षक आहोत. ते म्हणाले, "तो मास्टर साहब, पाव तोला काफी है."

आम्हाला ते लागले. शिक्षकाची ऐपत ती किती, असे त्यांना सुचवायचे असेल असे वाटले. आम्ही हट्टाने पुरा एक तोळा घेतला.

या अत्तराची गंमत अशी की ते लावल्याबरोबर ओळख देत नाही. आधी थोडा कडवट, ओल्या लाकडासारखा, किंचित औषधी वास येतो. तासाभराने तो निवतो आणि मागून मुश्कची ऊब वर येते. दुसऱ्या दिवशी कुर्ता घडी घालताना पाहिले तर सुगंध तिथेच! आम्ही खूश झालो आणि रोज शाळेत जाताना कानामागे, मनगटावर, कॉलरवर अत्तर लावू लागलो. मुले म्हणत, "सर यायच्या आधी सरांचा वास येतो." आम्हाला ती तारीफ वाटली.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने शब्दांचा मागोवा घेण्याची आम्हाला खोड आहे. एकदा वर्गात फळ्यावर 'उदबत्ती' आणि 'अगरबत्ती' असे दोन शब्द लिहिले. पहिल्यात अरबी 'ऊद' आहे, म्हणजे लाकूड. दुसऱ्यात संस्कृत 'अगरु' आहे. झाड एकच. ते आपल्या आसामात वाढते आणि तिथल्या होजाई गावाचा अगरचा व्यापार दूरवर प्रसिद्ध आहे. निरोगी झाडाचे लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ बिनवासाचे असते. झाडाला जखम झाली, कीड आत शिरली, बुरशी धरली, की ते स्वतःला वाचवण्यासाठी काळी राळ तयार करते. त्या राळेत मुरलेले लाकूड म्हणजे ऊद. अनेक वर्षे लागतात आणि प्रत्येक झाडात तो तयार होतो असेही नाही. त्याच्या लोभाने जंगलातली झाडे इतकी तुटली, की १९९५ पासून या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. मुश्क म्हणजे कस्तुरी. ती हिमालयातल्या नर कस्तुरीमृगाच्या पोटाखालच्या ग्रंथीत असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या मृगाच्या शिकारीला बंदी आहे. त्यामुळे आज दुकानात मुश्क म्हणून मिळते ते बहुधा प्रयोगशाळेत बनवलेले किंवा कस्तुरभेंडीच्या बियांसारख्या वनस्पतींपासून काढलेले असते.

हे सगळे आम्ही रंगवून सांगत होतो, तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पावसाचे दिवस होते, खिडक्या बंद होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही सर्वांसमोर तिला बोललो, "अभ्यास चुकवायला मागे बसतेस होय?" तिने मान खाली घातली. काही बोलली नाही. सहामाहीत तिचे गुण घसरले, तेव्हा आमचा समज अधिकच पक्का झाला.

पालकसभेला तिची आई आली. सगळे गेल्यावर दाराशी थांबून हळू आवाजात म्हणाली, "सर, रागावू नका. तिला दमा आहे. उग्र वास आला की छातीत घरघर सुरू होते. मागून फळा नीट दिसत नाही, म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. मला म्हणाली होती, सरांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची एक हदीस आम्ही स्वतः कितीदा शिकवली आहे. त्यांनी चांगल्या सोबत्याला कस्तुरी विकणाऱ्याची आणि वाईट सोबत्याला भाता फुंकणाऱ्याची उपमा दिली आहे. पहिल्याकडून काही नाही तरी सुगंध मिळतो, दुसऱ्याकडे कपडे जळतात किंवा दुर्गंध तरी पदरी पडतो. मुले दिवसाचे सहा तास आमच्या सोबतीत असतात. आमच्या अंगावर कस्तुरी होती आणि काम मात्र आम्ही भात्याचे केले. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, इतरांना त्रास होतो, ही शिकवणही आठवली. त्रास दुर्गंधाचाच होतो असे थोडेच आहे?

मग आम्हाला आमचे खालू आठवले. अठरा वर्षे त्यांनी कुवेतमध्ये एका घरी ड्रायव्हर म्हणून काढली. सुट्टीवर गावी येताना उदाची एक लहान कुपी आणत. तिकडच्या मजलिशीत जेवणानंतर उदाचा धूप फिरवतात आणि धूप फिरला की पाहुण्यांनी उठायचे असते, हे आम्हाला त्यांनीच सांगितले. जुम्म्याला गुस्ल करून ते कापसाच्या फायाला एकच थेंब लावत आणि फाया कानात ठेवत. शेजारी बसूनही पत्ता लागत नसे. ईदच्या नमाजनंतर गळाभेट घेतली की तेव्हाच तो सुगंध कळे. लहानपणी आम्ही म्हटले, "खालू, अजून लावा ना." ते हसून म्हणाले, "अरे, अत्तर गळाभेटीसाठी असतं, गल्लीसाठी नसतं."

माणूसही तसाच होता. एकदा आमच्या वाडीत दोन सख्ख्या भावांत विहिरीच्या कठड्यावरून अबोला पडला. खालू दुपारभर दोघांच्या ओटीवर आळीपाळीने बसले, चार वाक्येही बोलले नसतील. असरला दोघे एकाच सफेत उभे होते. परदेशात त्यांनी काय सोसले, ते कधी सांगितले नाही. ते वारले तेव्हा कळले की मदरशातल्या दोन अनाथ मुलांचा खर्च तेच पाहत होते.

ऊद आणि मुश्क कोणत्या माणसाला शोभतात, असे कोणी विचारले तर आमच्यासमोर खालूच उभे राहतात. श्रीमंत, रुबाबदार, चारचौघांत उठून दिसणारा माणूस, असे दुकानदार सांगतात. आम्हाला आता तसे वाटत नाही. घाव सोसून ज्याच्या आत काही साठले आहे, ज्याला स्वतःची घोषणा करावी लागत नाही आणि जवळ गेल्यावरच ज्याचा चांगुलपणा कळतो, त्यालाच हे अत्तर शोभते. आणि त्या अत्तरवाल्या बुजुर्गांनी आमची ऐपत काढली नव्हती. त्यांनी फक्त आमचा वर्ग डोळ्यांपुढे आणला असेल.

सोमवारी आम्ही बिनअत्तराचे शाळेत गेलो. ज्या वर्गासमोर तिला बोललो होतो, त्याच वर्गासमोर तिची माफी मागितली. दम्याचे नाव घेतले नाही, चूक आमची होती एवढेच सांगितले. मुले अवाक झाली. सर माफी मागतात हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले असावे. तिने दप्तर उचलले आणि ती दुसऱ्या बाकावर येऊन बसली.

ती कुपी अजून कपाटात आहे. जुम्म्याला आणि ईदला एक थेंब, तोही फायावर. यंदाच्या ईदला ती मुलगी आईबरोबर शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. दारातच थबकून म्हणाली, "सर, आज अत्तर लावलंय ना? थोडंसंच येतंय." आम्ही घाईने मागे सरकलो, तर ती हसली, "नाही सर, एवढं चालतं."

वाचकहो, सुगंध लावणे ही सुन्नत आहे, जरूर लावावा. फक्त आपल्या शेजारी कोण बसले आहे, तेही पाहावे. अल्लाह आपल्या सर्वांच्या सोबतीतून इतरांना सुगंधच देवो. आमीन.