सोनाराची मुलगी

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, ही आधीच विनंती.

पाचवीत असताना आम्हाला इंग्रजीत 'माय फादर' हा निबंध आला होता. मी लिहिलं, माझे वडील बिझनेसमन आहेत. खरं म्हणजे बाबा सोनार आहेत. तालुक्याच्या गावी लहानसं दुकान, मागे भट्टी, ऐरण, फुंकणी. वर्गात मात्र डॉक्टर-वकिलांची मुलं. त्यात कोणीतरी घरून ती म्हण ऐकून आलेलं असायचं, 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा.' सगळे हसायचे. मीही हसायचे. निबंधाला दहापैकी नऊ मिळाले. बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण 'बिझनेसमन' तेवढं कळलं. "छान लिहिलंयस," म्हणाले आणि वही मिटून ठेवली.

हे सगळं यंदा सेमिनारमुळे आठवलं. मी मेटलर्जीला, थर्ड इयर. चांगले विषय सगळ्यांनी आधीच पळवले होते. माझ्या वाट्याला उरला 'सोन्याची शुद्धता तपासण्याच्या पद्धती'. सर म्हणाले, "अरे वा, हा तर तुझ्या घरचाच विषय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुरुवात कुठून करायची म्हणून लायब्ररीत 'हॉलमार्क' शब्द शोधायला बसले. त्यातला 'हॉल' म्हणजे लंडनचा गोल्डस्मिथ्स हॉल, तिथल्या सोनारांच्या संघाची इमारत! लंडन शहरात कारागीर-व्यापाऱ्यांचे असे शंभराहून जास्त संघ आहेत. सभासदांच्या ठरावीक पोशाखावरून त्यांना लिव्हरी कंपनी म्हणतात. शहराचा लॉर्ड मेयर निवडायला दरवर्षी गिल्डहॉलमध्ये या संघांचेच सभासद जमतात. संघांना मानाचा क्रमसुद्धा आहे. १५१५ साली तो ठरला, त्यात सोनार पाचवे. शिंप्यांचं आणि फरवाल्यांचं सहावं कोण, सातवं कोण, यावरून जोरदार भांडण होतं. १४८४ मध्ये तेव्हाच्या मेयरनं निकाल दिला, की दरवर्षी आलटून पालटून नंबर घ्या आणि एकमेकांना जेवायला बोलवा. ते आजही तसंच चालतं. (मेसच्या रांगेत दोन विंगच्या भांडणावर रेक्टरांनी हा तोडगा जरूर करून पाहावा.) ज्या सोनार-शिंप्यांची आपण संगत नको म्हणतो, ते तिथे मानाच्या पाटावर बसलेत!

पण हा मान फुकट मिळालेला नाही. सोनारांवर अविश्वास तिथेही होताच. १३०० साली राजानं कायदा केला, की तपासून बिबट्याच्या डोक्याचा शिक्का उठल्याशिवाय चांदीचं भांडं कारागिराच्या हातून बाहेर जाता कामा नये. तपासणार कोण? तर सोनारांचेच प्रमुख. १३६३ पासून प्रत्येक कारागिराला स्वतःची खूण उठवणं भाग पडलं. १४७८ मध्ये संघानं पगारी तपासनीस नेमला आणि माल हॉलमध्ये आणून तपासायची पद्धत पडली. शिक्क्यांमध्ये एका अक्षराचीही भर पडली. हे अक्षर दरवर्षी बदलायचं. म्हणजे उद्या भांडं खोटं निघालं, तर ते कोणत्या तपासनिसाच्या हातून सुटलं हे शोधता यायचं. आपल्याकडच्या बॅच नंबरसारखंच की हे! आणि याच सोनारांकडे सरकारी टांकसाळीतली नाणी दरवर्षी परीक्षेला येतात. या परीक्षेची नोंद थेट १२८२ पर्यंत मागे जाते. राजाच्या नाण्याला पास-नापास करणार सोनार!

मग संघाचं मानचिन्ह पाहिलं. ढालीवर बिबट्याची डोकी आणि झाकणाचे पेले, दोन्ही बाजूंना एकशिंगी घोडे. आणि सगळ्यात वर एक बाई. तिच्या एका हातात तराजू, दुसऱ्या हातात कसोटीचा दगड.

मी तिथेच थांबले. तो दगड आमच्या घरी आहे. काळा, गुळगुळीत, लाल फडक्यात गुंडाळलेला. बाबांनी त्यावर कस लावायला माझ्या चुलतभावाला शिकवलं. मी हात लावला की म्हणायचे, "तू अभ्यास कर." मीही कधी हट्ट केला नाही. हातात दगड असलेली मुलगी बिझनेसमनची कशी दिसणार? आणि तिकडे १७६१ मध्ये हेस्टर बेटमन नावाच्या विधवा बाईनं स्वतःच्या नावाची खूण त्याच हॉलमध्ये नोंदवली आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं चांदीचा कारखाना चालवला. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, माझे लंडनच्या सोनारांनी टोचले.

रात्री फोन केला. "बाबा, लंडनच्या सोनारांच्या चिन्हावर बाई आहे. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात कसोटी."

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "दोन्ही हात अडकले की तिचे. सोनं कुठल्या हातानं घासणार?"

खूप हसलो दोघं. मग मी त्यांना शिक्क्यांची सगळी गोष्ट सांगितली. त्याला कारण होतं. २०२१ मध्ये आपल्याकडे दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा व्हायला लागला, तेव्हा एका जुन्या गिऱ्हाईकानं बाबांना विचारलं होतं, "शिक्का आहे ना?" बाबा त्या दिवशी जेवले नव्हते. "तीस वर्षं माझा शब्द चालला," एवढंच म्हणाले होते. आता सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे शिक्का सोनारांनीच मारायला घेतला होता होय? मग एवढा अपमान नाही त्यात."

सेमिनारची सुरुवात मी मुद्दाम एका वाक्यानं केली, "माझे वडील सोनार आहेत." कोणीही हसलं नाही. पाचवीतही बहुतेक कोणी हसलं नसतं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी न सांगता लाल फडकं माझ्यापुढे सोडलं. मी रेघ ओढली, ॲसिडचा थेंब लावला, खूप वेळ पाहिलं आणि ऐटीत म्हटलं, "बावीस कॅरेट."

"वीस," बाबा म्हणाले. "पुन्हा ओढ."

सेमिनारला ए ग्रेड मिळाली आहे. कसोटीच्या दगडावर मात्र अजून केटी आहे.